ज्यानं मासे दाखवले

पेणमध्ये गणपतीला माल म्हणतात. माल सुकला का, माल रंगवून झाला का, माल कधी भरायचा. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला पहिल्यांदा ऐकताना कसंसंच होतं; पण भावात घासाघीस सुरू झाली की त्याच्याही तोंडी तोच शब्द बसतो. पुंडलिकानं तर याचं शास्त्रच करून ठेवलं होतं. शाडू मळला तेव्हा माती, साच्यातून निघाली तेव्हा माती, डोळ्यांची आखणी झाली तरी मातीच. तुमच्या घरी पाटावर अक्षता पडल्या की मग देव. तिथपर्यंत आमचं त्याचं नातं कुंभाराचं मडक्याशी असतं तेवढंच.

हे शास्त्र त्याला हौसेनं सुचलेलं नव्हतं. त्याच्या मेहुण्याची बायको, रोह्याची विमलबाई, हिनं लग्नाच्या पंगतीतच जिलबीचा तुकडा मोडता मोडता म्हटलं होतं की आमची सरू देव विकून खाणाऱ्यांच्यात पडली. तिचा नवरा धाटावच्या कंपनीत कायम झालेला, तेव्हा तिच्या जिभेलाही पगारी रजा कधी नसायची. पुंडलिकानं वाढप्याच्या हातातलं भांडं थांबवून उत्तर दिलं होतं, "देव नाय विकत वहिनी, माती विकतो. आणि हात नाय पसरत कुणापुढं." त्या दिवसापासून हे वाक्य त्याच्या घरात तुळशीवृंदावनासारखं होऊन बसलं. येता-जाता त्याला प्रदक्षिणा घालावी लागे, आणि सर्वांत जास्त घालावी लागे ती सरूला. माहेर रोह्याचं, सासर पेणचं. नवऱ्याचा ताठा आणि वहिनीची जीभ या दोन वजनांमध्ये तिनं तराजूच्या काट्यासारखं सरळ उभं राहायचं, हे ठरलेलंच होतं.

त्या वर्षी पोरांना मुंबई दाखवायची होती. पाट्यांवर अजून बॉम्बे होतं आणि भाषणांत मुंबई झालं होतं, ते ते वर्ष. निशिगंधा तिसरीत, हर्षद बालवाडीत. कारखान्यातल्या पोरांच्या वाट्याला पहिल्यांदा उंदीर येतात. निशिगंधेनं उन्हाळाभर उंदरांना रंग दिला आणि हर्षदनं ओल्या मालावरून कोंबड्या हाकलल्या. त्या कामाची मजुरी म्हणून पुंडलिकानं राजधानी कबूल केली होती. समुद्राजवळ एक घर आहे, त्याच्या भिंतीच काचेच्या, आणि भिंतीत जिवंत मासे फिरतात. हे त्यानं इतक्या वेळा सांगितलं की हर्षद झोपेतही गाल फुगवून तोंड उघडझाप करायला लागला.

बेत सोपा होता. चतुर्थीच्या आधी सखाचा टेम्पो शेवटचा माल घेऊन मुंबईला जायचाच होता. गिरगावच्या एका मास्तरांची मूर्ती त्यांच्या चाळीत पोचवायची. तिथं उरलेले पैसे मिळतील, त्यावर दिवस काढायचा. सखा परळ-दादरकडे माल उतरवून संध्याकाळी परत न्यायला येईल. मास्तरांचा गणपती दर वर्षी त्यांच्याच पाटावर यायचा. आषाढात ते आपला शिसवी पाट पेणला पाठवत, मागं खडूनं नाव घातलेलं असे, आणि पुंडलिक मूर्ती त्याच पाटावर बसवून पोचती करी.

टेम्पोनं त्यांना चाळीच्या तोंडाशी उतरवलं आणि सखा पुढं निघूनही गेला. मूर्ती हातभर उंच, तोंडावर रिवाजाप्रमाणे कोरं कापड, वरून पावसासाठी प्लास्टिक. पुंडलिकानं ती पाटासकट उराशी घेऊन तीन जिने चढवली. वर गॅलरीत चपलांचा ढीग आणि माणसं गप्प. मास्तर बाहेर आले ते दाढी वाढलेले, उघडे. आदल्या दिवशी त्यांची आई गेली होती.

"यंदा आमच्याकडे गणपती नाही रे, पुंडलिक," एवढंच ते बोलले.

अशा दारात मूर्तीचे पैसे मागणारं तोंड देवानं पुंडलिकाला दिलेलं नव्हतं. तो तीन जिने तसाच उतरला.

आता हिशोब असा होता की खिशात परतीपुरतंही धड नाही, टेम्पो संध्याकाळशिवाय येणार नाही, आणि मुंबई बघायला आलेल्या चार माणसांत एक पाचवा वाढला आहे, ज्याला चालता येत नाही. चर्नी रोड स्टेशनाकडे जाणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी बंद दुकानाची पायरी दिसली. पुंडलिकानं मूर्ती तिथं टेकवली, पाऊस थांबलाच होता म्हणून प्लास्टिक काढून घडी केलं, आणि सरूला म्हणाला की मी दादरच्या व्यापाऱ्याला फोन लावून बघतो. त्यानं मूर्ती घेतली तर बरं, निदान सखाला तरी निरोप जाईल. कोपऱ्यापलीकडच्या एसटीडी बूथवर ही रांग. गणपतीच्या दिवसांत दादरच्या व्यापाऱ्याचा फोन लागणं म्हणजे साक्षात दर्शनच.

सरू पायरीवर बसली. एका बाजूला मूर्ती, दुसऱ्या बाजूला पोरं. सकाळच्या पावसात तिचं लुगडं घोट्यापाशी चिखलानं माखलेलं, निशिगंधेच्या फ्रॉकवर उंदरांचा राखाडी रंग, हर्षदची एक चप्पल टेम्पोतच राहिलेली. मासे कधी, मासे कुठं, हा जप चालू होता. मग हर्षद थोडा वेळ गप्प झाला, आणि तो गप्प झाला की काहीतरी करतो हे सरूच्या ध्यानात येईपर्यंत त्यानं मूर्तीच्या तोंडावरचं कापड ओढून काढलं होतं.

"आरे, काय करतो?"

"त्याला पण बघू दे की मुंबई," हर्षद म्हणाला.

सरूला हसू आलं. कापड घ्यायला तिनं हात पुढं केला, तेवढ्यात खांद्याला पर्स लावलेली एक बाई चालता चालता थांबली, चपला काढल्या, डोळे मिटून नमस्कार केला, पाटावर एक नाणं ठेवलं आणि स्टेशनाकडे पळाली. ‘अवो बाई, हा अजून बसलेला नाय’ हे वाक्य सरूच्या ओठांवर आलं तेव्हा बाईचा अंबाडाच काय तो दिसत होता.

त्यानंतर एक टोपीवाले गृहस्थ आले. त्यांनी नाणं ठेवलं, सरूकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, हर्षदच्या अनवाणी पायाकडे पाहिलं आणि आणखी एक ठेवलं. त्या दुसऱ्या नाण्यानं सरूला सगळं समजलं. पहिलं नाणं देवाला होतं, दुसरं तिला होतं.

पेणला अशा बाया शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर बसत. सरू त्यांच्यापुढं पदर सावरून जात असे.

तिचा हात कापडाकडे गेला. ही गोष्ट तिनं पुढं स्वतःच्या बाजूनं पुष्कळदा धरली: हात गेला होता. पण मागून निशिगंधा म्हणाली, "आई, एवढ्यात मासे येतील?" आणि तो हात परत फिरला. नुसता फिरला असता तरी चाललं असतं. फिरताना त्यानं पाटाची कड धरली आणि वाकडी बसलेली मूर्ती सरळ रस्त्याकडे तोंड करून नीट मांडली.

मग सरूनं पदर कपाळाखाली ओढला आणि खाली बघत राहिली. तिला आता माणसं दिसत नव्हती, पावलं दिसत होती. थांबणारी, न थांबणारी, थांबू की नको करणारी. कुणी जास्वंद ठेवली, कुणी पोरांच्या हातात केळी दिली. निशिगंधा हुशार, कुणी वाकलं की ती आपणहून मोरया म्हणायला लागली, आणि मोरया म्हटलं की माणूस खिशात हात घालतो हेही तिला कुणी न शिकवता कळलं. सरूनं तिला थांबवलं नाही, कारण थांबवलं असतं तर पोर गप्प झाली असती.

एक म्हातारी वाकून विचारती झाली, "कुठल्या गो तुम्ही?"

"जित्याच्या," सरू म्हणाली.

जिते गावानं तिचं काही वाकडं केलेलं नव्हतं. गाडी पेणच्या अलीकडे थांबते तिथं ते आहे, एवढाच त्याचा गुन्हा. पण पेणचं नाव राखायचं तर कुणाचं तरी घालवायला हवं होतं.

पुंडलिक लांबून येताना दिसला तेव्हा तिनं नाणी पदराच्या गाठीत मारली, जास्वंदी पायरीखाली सारल्या आणि कापड मूर्तीच्या तोंडावर टाकलं. पोरांना दरडावून सांगितलं की बाबांना बोलायचं नाय, गणपतीची शपथ. ज्याच्या नावानं घेतलं त्याचीच शपथ घातली, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

फोन लागला नव्हता. पुंडलिक पायरीवर बसून म्हणाला की समुद्र फुकट असतो, समुद्र बघू, मासे पुढच्या वर्षी. हर्षदचा ओठ खाली आला. तेव्हा सरू म्हणाली,

"माझ्याकडं हायेत थोडे. दादानं राखीला दिलेले."

पुंडलिकाच्या कपाळावर आठी पडली. रोह्याचा पैसा त्याला बाभळीच्या काट्यासारखा. पण पोरांचे चेहरे बघून त्यानं आठी गिळली. "बरं," तो म्हणाला, "भावानं बहिणीला दिलेला पैसा, त्यात माझं काय जातंय."

मत्स्यालयाच्या दारावर पहारेकऱ्यानं मूर्ती आत न्यायला नाही म्हटलं. पुंडलिक बाहेर थांबायला तयार होता. सरूनं ऐकलं नाही. मला माशांचा वास सहन होत नाय म्हणाली. मुरूडकडचे सुके बोंबील भाजून खाणारी बाई हे म्हणते याचं पुंडलिकाला नवल वाटलं, पण पोरं त्याला ओढतच आत घेऊन गेली. सरू बाहेर कठड्याशी मूर्ती घेऊन बसली. कापडाला तिनं मागून गाठ मारली, मग आणखी एक गाठ मारली, आणि कुणी नुसतं वळून पाहिलं तरी अंग मूर्तीपुढं आडवं करू लागली.

तिघं बाहेर आली ती उजळलेली. पुंडलिक पोरांपेक्षा जास्त बोलत होता. एक मासा म्हणे चपटा, ओठ पुढं काढलेला, सगळ्यांकडे तुच्छतेनं बघत फिरत होता. "तुझी वहिनीच गो, सरू. हुबेहूब." त्याला इतकं मनापासून हसताना तिनं आखणी सुरू झाल्यापासून पाहिलं नव्हतं. ती हसली, आणि उरलेल्या नाण्यांचे वडे घेऊन आली. तिला स्वतःला वडा गिळवेना. अर्धा तिनं हर्षदला दिला.

दुसऱ्या दिवशी हरतालिका. शेवटच्या गिऱ्हाइकांनी कारखाना भरलेला, आणि त्यात विमलबाई. एरवी ती रोह्याच्या बाजारातूनच मूर्ती घेई. यंदा सकाळच्या गाडीनं मुद्दाम आली. घरचा कारखाना असताना बाहेर कशाला, असं म्हणाली. उपास कडक होता, तेव्हा पोटात काही नव्हतं आणि जीभ मोकळी होती. सगळा माल बघून झाल्यावर तिचं बोट मास्तरांच्या मूर्तीवर थांबलं. हाच मला द्या, याचे डोळे बोलतात.

पुंडलिक खुशीत आला. रोह्याच्या माणसानं त्याच्या आखणीला नावाजलं होतं. एका चांगल्या शब्दाला दुसरा द्यावा म्हणून, आणि कुणाचं उसनं ठेवायचं नाही हा स्वभाव म्हणून, चारचौघांत त्यानं आभार मानले. "काल तुमचेच उपकार झाले, वहिनी. भाऊंनी राखीला सरूला दिलं, त्यावर पोरांनी मुंबईत मासे बघितले."

सरू पाटीत गवत भरत होती. तिचे हात तिथंच राहिले.

विमलबाई म्हणाली, "कसली राखी? यंदा यांची ओव्हरटाइमची शिफ्ट होती, ते आलेच नायत पेणला. वन्संला मी ब्लाउजपीस पाठवलेला, तो तेवढा."

"मामानं नाय दिले," हर्षद उंदरांच्या रांगेमागून म्हणाला. "गणपतीनं दिले. रस्त्यावर लोक येत होते ना."

निशिगंधेनं त्याला कोपर मारलं. "सांगायचं नाय ठरलंय ना! शपथ हाय ना!"

पुंडलिक वळून सरूकडे बघत होता. तिनं नाही म्हटलं असतं तर त्यानं तेही मानलं असतं, असं ते बघणं होतं. तिनं खाली पाहिलं, आणि तेवढं पुरलं.

"मीच बसवलेलं त्यांना," पुंडलिक म्हणाला. "पाय दुखत होते पोरांचे. लोकांनी ठेवलं, त्याला काय करणार."

खोटं बोलायचा सराव नसलेल्या माणसानं घाईत बोलू नये. आत्ताच राखीचे आभार मानले होते ते कुणी विसरलं नव्हतं, विमलबाई तर नाहीच.

"म्हणजे हा बसायच्या आधीच कमावता झाला म्हणायचा," ती मूर्तीकडे बघत म्हणाली. एक-दोघं हसले. "पण भावोजी, तुमचं ते शास्त्र काय? माती ना ही? मग मातीपुढचे पैसे घेतलेत कसे? आणि देव असला, तर आता मला विकताय काय?"

पुंडलिकाच्या हातात कुंचला होता. तो त्यानं पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला, पुन्हा बुडवला.

"हा विकायचा नाय," शेवटी तो म्हणाला. "तुम्ही दुसरा बघा."

तिनं दुसरा घेतला. घासाघीस केली नाही, हेही सरूला लागलं. जाताना मूर्ती सांभाळत ती दारात सरूजवळ थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "वन्सं, यांच्या कंपनीत फोन हाय. तिथं लावायचा होतास. पैसे पोचवायची काही सोय केली असती ना मी."

टोमणा असता तर सरूला पेलला असता. टोमण्यांची तिला सवय होती.

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं. पुंडलिक शेवटच्या मूर्तीचा मुकुट सोनेरी करत होता, पाठ वळवून. सरू मागं उभी राहिली. किती वेळ उभं राहावं ते तिला कळेना.

"गाव कुठलं सांगितलंस?" त्यानं न वळता विचारलं.

"जितं."

"जित्याच्या लोकांनी काय केलंय तुझं?"

सरू खाली सांडलेलं गवत गोळा करू लागली.

"मला सांगायचं होतंस तिथंच."

"सांगितलं असतं, तर तुम्ही आत गेला नसता."

पुंडलिकाचा कुंचला थांबला. तो आत गेला होता. काचेला नाक लावून उभा राहिला होता, हसला होता, बाहेर येऊन बायकोला हसवायला बघत होता. त्या सगळ्या आनंदाचं मूळ आता त्याला दिसत होतं, आणि ते ओकून टाकता येण्यासारखं नव्हतं. सरूला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "वडा तू खाल्ला नाय, ते तेव्हाच दिसलं होतं मला," आणि पुन्हा मुकुटाला लागला.

कारखानदाराच्या घरी उरलेला गणपती बसतो. चांगला माल गिऱ्हाइकाला, कानाकोपऱ्याला टवका गेलेला आपल्याला. त्या वर्षी प्रथमच पुंडलिकाच्या घरात अव्वल मूर्ती बसली. त्याच्या आईनं विचारलं की हा का, तर म्हणाला, "ज्यानं पोरांना मासे दाखवले त्याला दीड दिवस तरी सांभाळायला नको?" चेष्टेत म्हणाला, पण पूजेला बसला तेव्हा अक्षता टाकताना त्याचा हात इतका वेळ वर राहिला की गुरुजींनी दोनदा टाका म्हटलं.

आळीतली माणसं दर्शनाला आली. रीतच आहे, हात जोडले की पाटावर नाणं ठेवतात. नाणं पाटाला लागलं की स्वयंपाकघरात सरूचा पदर आपोआप कपाळाखाली यायचा. मोदक वाढायला ती बाहेर येईना. सासूनं कुरकुर करत स्वतः वाढले. निशिगंधा मखराशेजारी उभी होती. पहिल्या माणसाला ती मोरया म्हणाली, आणि लगेच आईकडे बघून तिनं तोंडावर हात ठेवला. पुन्हा कुणी आलं तरी ती म्हणाली नाही. इतरांची पोरं घसा फाडून मोरया करत होती, आणि ही गप्प. सरूला सगळ्या दीड दिवसात हेच बघवलं नाही.

विसर्जनाला भोगावतीवर गेले. पावसानं नदी गढूळ, भरून चाललेली. पुंडलिक मूर्ती घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरला, पाट काढून त्यानं मागं सरूच्या हातात दिला. सुतक फिटलं की तो गिरगावला पोचवायचा होता. "मी नेईन," सरू म्हणाली. त्यानं मान हलवली. एकटी का, असं विचारलं नाही.

त्यानं मूर्ती पाण्यात बुडवून वर काढली, बुडवून वर काढली, आणि तिसऱ्यांदा हात रिकामे आले. काठावर हर्षद आजीचा हात धरून उभा होता. तो वाकून वाकून पाण्यात बघत होता. मुंबईहून आल्यापासून त्याच्या मनात काहीतरी राहून गेलं होतं, ते आता मिटलं.

"त्याला बाहेरच ठेवलेलं ना," तो म्हणाला. "आता बघेल तो मासे."

पुंडलिकाला हसू आलं, त्या दिवसांतलं पहिलं. हसता हसता त्यानं सवयीनं सरूकडे पाहिलं. सरू पाट पुसत होती. मास्तरांचं खडूनं घातलेलं नाव ओलं होऊन फिकट झालं होतं, ते पुसलं जाऊ नये म्हणून ती जपून, कडेकडेनं पुसत होती, आणि ते काम लवकर संपू नये असं तिला वाटत होतं.